कानातला अ‍ॅम्प्लिफायर

ईलिंगहून २०७ नंबरची बस पकडून अक्सब्रिज रोडनं साउथॉलच्या दिशेला निघालात, की थोड्याच वेळात हॅनवेल लागतं. भाजी, मसाले, दिवाळीची खरेदी यासाठी साउथॉलला जाणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांचा हा नेहमीचा रस्ता. पण हॅनवेलमधल्या ७६ नंबरच्या दुकानाकडे तुम्ही बहुधा कधी मान वळवून पाहिलं नसेल. पाहण्यासारखं तिथे फारसं काही नाही. जुलै १९६० मध्ये जिम मार्शल नावाच्या ड्रमवादकानं इथे वाद्यांचं दुकान उघडलं, आणि दोन-अडीच वर्षांत याच दुकानाच्या आश्रयानं गिटारचा एक अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला. रॉक संगीताच्या मैफलींत कलाकारांच्या पाठीमागे काळ्या पेट्यांची जी भिंत उभी असते, तिचं मूळ गाव हॅनवेल.

मी कानावर संशोधन करते, म्हणून मला या दुकानाचं कुतूहल. माणसानं बनवलेल्या एका अ‍ॅम्प्लिफायरची ही जन्मकथा आहे. त्याच सुमारास, इथून काही मैलांच्या अंतरात, दुसऱ्या एका अ‍ॅम्प्लिफायरचा शोध रखडत रखडत पुढे सरकत होता. तो आपल्या प्रत्येकाच्या कानात असतो. या दोघांची गाठ पडली, की काय होतं ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

आधी हॅनवेलची गोष्ट. १७ मार्च १९६२ रोजी ईलिंग ब्रॉडवे स्टेशनसमोरच्या एका तळघरात ईलिंग क्लब सुरू झाला. अ‍ॅलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस तिथे ब्लूज वाजवत. मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स आणि ब्रायन जोन्स यांची गाठ याच तळघरात पडली. जवळच्या ईलिंग आर्ट कॉलेजात पीट टाउनशेंड शिकत होता. पुढे काही वर्षांनी त्याच कॉलेजात फारुख बलसारा नावाचा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला मुलगा दाखल झाला. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतं.

या पोरांच्या हातात विजेच्या गिटारी होत्या, पण मनाजोगता अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. अमेरिकेहून आलेला 'फेंडर' परवडायचा नाही. मार्शलच्या दुकानात ही तक्रार रोजची झाली. तेव्हा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या त्याच्या सहकाऱ्यांनी फेंडरच्या 'बासमन'चा आराखडा समोर ठेवला, इंग्लंडात मिळतील ते सुटे भाग वापरले आणि 'जेटीएम ४५' उभा केला.

टाउनशेंडचं समाधान त्यावरही झालं नाही. त्याच्या 'द हू' या बँडमध्ये ड्रमवर कीथ मून आणि बासवर जॉन एन्टविसल. दोघेही हात राखून वाजवणारे नव्हेत. समोर पबातला गोंगाट. त्याला आणखी आवाज हवा होता. १९६५ मध्ये मार्शलनं १०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर बनवून दिला. सोबतची आठ स्पीकरची पेटी इतकी अजस्र झाली, की उचलणाऱ्यांचे हाल होऊ लागले. मग चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या करून त्या एकावर एक रचायची पद्धत पडली. हीच ती काळी भिंत. १९७६ मध्ये लंडनच्या चार्ल्टन फुटबॉल मैदानावर 'द हू'चा जो कार्यक्रम झाला, त्याची गिनीज बुकात सर्वांत मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून नोंद झाली. पुढे गिनीजनं हा प्रकारच बंद केला, कारण लोकांनी आपले कान बिघडवून विक्रम करावेत असं त्यांना वाटेना.

आता थोडं गणित करू. ५० वॉटच्या जागी १०० वॉट आले, तर आवाज किती वाढतो? फक्त ३ डेसिबल. कानाला हा फरक जेमतेम कळतो. आवाज 'दुप्पट मोठा झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. पण कानावर आदळणारी ऊर्जा मात्र ३ डेसिबललाच दुप्पट झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं प्रौढ माणसानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकायला हरकत नाही. दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. असं करत १०१ डेसिबलला आलात, की उरतात जेमतेम १९ मिनिटं. तीही आख्ख्या आठवड्याची.

म्हणजे धोका दुप्पट झाला, तरी कान म्हणतो, 'किंचित वाढवलंत वाटतं?' असं का व्हावं? भाजलं तर हात लगेच मागे येतो, झगझगीत उजेडात डोळे मिटतात. कान असा गाफील का? याचं उत्तर त्या दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे.

कानाची रचना तुम्ही शाळेत काढलेली असणार. हवेतली कंपनं कानाच्या पडद्यावर येतात. पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडं ती कंपनं आत पोचवतात. आत गोगलगाईच्या शंखासारखी, जवळजवळ पावणेतीन वेढ्यांची नळी आहे. ती कॉक्लिया. उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर लांब, आणि द्रवानं भरलेली. तिच्यातून एक लवचीक पट्टी जाते. बारीक, उंच स्वर पट्टीच्या सुरुवातीला थरथर उठवतात, खर्जातले स्वर टोकाशी. गेओर्ग फॉन बेकेशी या हंगेरियन संशोधकानं मृत माणसांच्या कॉक्लियात ही लाट प्रत्यक्ष पाहिली. त्याबद्दल त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. हॅनवेलच्या दुकानाला तेव्हा एक वर्ष झालं होतं.

पण एक गोष्ट जमत नव्हती. बेकेशीला दिसलेली लाट पसरट होती. आपल्या कानाला तर अगदी जवळजवळचे दोन स्वर वेगळे कळतात. तानपुरा जुळवणाऱ्याला विचारा.

या कोड्यावर १९४८ मध्येच केंब्रिजमधल्या एका तरुणानं बोट ठेवलं होतं. त्याचं नाव थॉमस गोल्ड. हे नाव तुम्ही वेगळ्या संदर्भात ऐकलं असेल. हर्मन बाँडी आणि फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्याच वर्षी विश्वाचा स्थिर स्थिती सिद्धान्त मांडणारा तो हाच गोल्ड. पुढे आपल्या जयंत नारळीकरांनी हॉईल यांच्याबरोबर ज्या विश्वचित्रावर काम केलं, त्याची ही सुरुवात. युद्धकाळात गोल्डनं रडारवर काम केलेलं होतं, त्यामुळे तो कानाकडे रेडिओ इंजिनियरच्या नजरेनं पाहत होता. त्याचा मुद्दा साधा होता. तानपुऱ्याची तार पाण्याच्या हंड्यात बुडवून छेडली तर ती वाजेल का? पाणी तिचं कंपन गिळून टाकेल. कॉक्लियाही द्रवानं भरलेली आहे. तरीही ती इतकी तल्लख असेल, तर आत कुणीतरी बाहेरून आलेल्या कंपनात स्वतःची ऊर्जा ओतत असलं पाहिजे. थोडक्यात, कानात अ‍ॅम्प्लिफायर असला पाहिजे.

गोल्ड इथेच थांबला नाही. माइक स्पीकरच्या फार जवळ आला की तो शिट्टी मारतो, हे गणपतीच्या मांडवात आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरतो आणि फिरत फिरत वाढत जातो. गोल्ड म्हणाला, कानात असा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर कानानंही कधीमधी स्वतःहून आवाज काढायला हवा. त्यानं तसा आवाज शोधूनही पाहिला. पण त्या काळचे माइक पुरेसे नाजूक नव्हते. त्याचं म्हणणं बाजूला पडलं आणि तो ताऱ्यांकडे वळला. गंमत पाहा, टाउनशेंड ज्यासाठी गाजला तोही हाच प्रकार. गिटार मार्शलच्या पेटीसमोर धरून तो मुद्दाम ती शिट्टी उठवायचा आणि तिला वाद्यासारखं वाजवायचा.

तीस वर्षं गेली. १९७८ मध्ये लंडनच्या ग्रेज इन रोडवरच्या कान-नाक-घशाच्या रुग्णालयात काम करणाऱ्या डेव्हिड केम्पनं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. कानात बारीकशी टिकटिक सोडायची आणि नाजूक माइकनं ऐकत राहायचं. काही मिलिसेकंदांनंतर कानातून प्रतिसाद यायचा. ऐकणारा कान बोलतही होता. गोल्डचं भाकीत खरं ठरलं. तुमचं बाळ या देशात जन्मलं असेल, तर हा प्रयोग तुम्ही पाहिलेला आहे. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत बाळाच्या कानाला मऊ टोकाची नळी लावून जी तपासणी करतात, ती केम्पच्याच शोधावर उभी आहे.

बेकेशीला हे का दिसलं नाही, तेही आता उमगलं. तो मृतांचे कान पाहत होता. मेलेल्या कानात हा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडलेला असतो.

मग तो अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे नेमकं काय? कॉक्लियातल्या पट्टीवर केशपेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेतल्या, साधारण साडेतीन हजार, मेंदूला संदेश धाडतात. बाहेरच्या रांगांतल्या, साधारण बारा हजार, ऐकण्याचं काम जवळजवळ करतच नाहीत. त्या नाचतात. कंपन आलं की त्या तालावर आखूड-लांब होतात आणि पट्टीला झोका देतात. हे १९८५ मध्ये सिद्ध झालं. हळू आवाजाला या बाह्य केशपेशी उचलून धरतात. आवाज मोठा असला, की त्यांची मदत जवळपास थांबते. म्हणूनच पानांची सळसळ आणि विमानाची घरघर दोन्ही आपल्याला एकाच कानानं ऐकता येतात. आणि म्हणूनच मोठा आवाज आणखी मोठा झाला तरी तितकासा जाणवत नाही. ज्या युक्तीमुळे कान तल्लख झाला, तिच्यामुळेच तो गाफीलही झाला.

डोळ्याच्या पडद्यावर दहा कोटींहून अधिक प्रकाशपेशी असतात. कानाचा सगळा कारभार या पंधरा-सोळा हजार पेशींवर चालतो. कोंबडीच्या पिल्लाच्या केशपेशी मेल्या तर नव्या उगवतात, हे १९८८ मध्ये दिसून आलं. माणसाच्या उगवत नाहीत. आणि मोठ्या आवाजानं सर्वांत आधी मरतात त्या बाह्य केशपेशी. हॅनवेलचा अ‍ॅम्प्लिफायर पहिला वार करतो तो कानातल्या अ‍ॅम्प्लिफायरवर.

आवाजानं कान जातात हे ज्ञान जुनंच आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामात्झिनी यानं १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात व्हेनिसच्या तांबटांचे कान ठोक्यांनी बधिर होतात, असं नोंदवलं आहे. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतून जो कधी गेला आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार यानं बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. एकाचेही धड नव्हते.

अर्थात आवाज हे एकच कारण नाही. मळ घट्ट बसला, लहानपणी कान फुटून वाहत राहिला, रिकिबीचं हाड जखडलं, तर कंपन आत पोचतच नाही. हा बिघाड वाटेतला असतो आणि तो बरेचदा दुरुस्त करता येतो. वय हे मोठं कारण. आनुवंशिकता हे दुसरं. जवळच्या नात्यातल्या लग्नांत ती अधिक उघडी पडते. गरोदरपणी आईला झालेला रुबेला, मुलाला झालेला मेंदूज्वर किंवा गालगुंड यांनीही कान जाऊ शकतात. आणि काही औषधं. जिम मार्शलला लहानपणी हाडांचा क्षय होता. त्याची कित्येक वर्षं प्लास्टरमध्ये गेली, कारण क्षयावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. त्यानं असंख्य जीव वाचवले, पण काहींचा तोल आणि श्रवण हिरावलं. त्याच कुळातल्या कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी दाद न देणाऱ्या क्षयाच्या अनेक रुग्णांचे कान गेले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते यापुढे वापरू नये असं सांगितलं.

पण यातली बरीच कारणं आपल्या हातात नसतात. आवाज असतो.

टाउनशेंडचं पुढे काय झालं? कानात सतत वाजणारी शिट्टी, म्हणजे टिनिटस, आणि श्रवणहानी. १९६७ मध्ये एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात कीथ मूनच्या ड्रममध्ये भरलेल्या दारूचा स्फोट त्याच्या अगदी जवळ झाला. तरी त्यानं स्वतः मुख्य दोष दिला तो स्टुडिओत तासन्‌तास मोठ्या आवाजात वापरलेल्या हेडफोनना. सॅन फ्रान्सिस्कोत १९८८ मध्ये कॅथी पेक या संगीतकार बाईंनी वादकांना सावध करणारी संस्था काढली. स्वतःचे कान त्यांनीही मंचावरच गमावले होते. टाउनशेंडनं त्या संस्थेला पैसे दिले आणि आपल्या कानांबद्दल उघडपणे बोलायला लागला. ज्याच्या हट्टापायी तो अ‍ॅम्प्लिफायर १०० वॉटचा झाला, त्यानंच हे करावं, याला मी मोठेपणा म्हणते.

आता माझी गोष्ट, कारण हे सगळं मी तटस्थपणे लिहीत नाही. पुण्यात कॉलेजात असताना मी चार वर्षं पथकात ताशा वाजवायचे. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी आवाजाची मोजणी करतात, आणि कित्येक वर्षी त्यांची सरासरी शंभर डेसिबलच्या वर गेली आहे. त्या सरासरीच्या मधोमध आम्ही असायचो, कानात कापसाचे बोळे घालून. कापसानं फारसं काही अडत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात बारीक शिट्टी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती विरायची. 'उतरली' म्हणायचो आम्ही, जशी नशा उतरते.

आता ती उतरत नाही. ऐकण्याची चाचणी केली तर आलेख अगदी सरळ, निरोगी. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांचं श्रवण पूर्ववत झालं, केशपेशीही शाबूत. पण केशपेशी आणि नस यांमधले जोड काही भागात जवळजवळ निम्मे तुटलेले होते, कायमचे. अशा हानीचा चाचणीत पत्ता लागत नाही. माणसांत ती किती होते यावर अजून वाद आहेत, आणि माझ्या कानात नेमकं तेच झालं असं मी म्हणणार नाही. पण 'सकाळी शिट्टी थांबली, म्हणजे काही झालं नाही' हे आमचं गणित चुकीचं होतं, एवढं नक्की.

दुसरं उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं असेल. गेली दोन वर्षं माझे बाबा फोनवर आले की दोन वाक्यांत 'थांब हं, आईला देतो' म्हणायचे. मला वाटायचं, कंटाळले. मग लक्षात आलं, आधी 'जरा मोठ्यानं बोल' म्हणतात आणि मी आवाज चढवला की 'ओरडतेस कशाला?' म्हणतात. हा विक्षिप्तपणा नव्हता. बाह्य केशपेशी गेल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. मधली जागाच उरत नाही. त्यातून आधी जातात ते उंच स्वर, म्हणजे स, श, फ यांसारखी व्यंजनं. ऐकू येतं, पण कळत नाही. आणि फोनच्या जुन्या तारेतून तर उंच स्वर मुळातच छाटले जायचे. माणूस 'हो हो' म्हणून वेळ मारून नेतो आणि हळूहळू गप्प होतो. श्रवणहानीकडे दुर्लक्ष हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक मानला जातो, हे मला ठाऊक होतं. तरी स्वतःच्या घरातलं ओळखायला मला दोन वर्षं लागली.

चष्मा लावायला लाज वाटत नाही, मशीन लावायला वाटते. बाबाही आधी नाहीच म्हणाले. मी त्यांना डॉलिस हिलची गोष्ट सांगितली. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू ज्या डॉलिस हिल लेनवर आहे, त्या परिसरात पूर्वी ब्रिटिश पोस्ट खात्याचं संशोधन केंद्र होतं. १९४८ मध्ये एनएचएस सुरू झाली तेव्हा 'मेड्रेस्को' नावाचं श्रवणयंत्र लोकांना फुकट मिळू लागलं. ते घडवण्यात या केंद्राचा मोठा वाटा होता. खिशातली पेटी, वायर, बॅटऱ्या असा सगळा जामानिमा. तरी ते घेण्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या. गोल्ड कानातला अ‍ॅम्प्लिफायर शोधत होता त्याच वर्षी, तो बिघडलेल्यांना बाहेरून दुसरा मिळत होता. मंडळात गणपतीला गेलेले बाबा त्या रस्त्यावर चाललेले होते. कशानं ते मला माहीत नाही, पण त्यांनी कान तपासून घेतले. आता फोनवर ते मला हवामान विचारतात, मग भाव विचारतात, मग आईला फोन देत नाहीत म्हणून आई चिडते.

मागच्या श्रावणात पश्चिम लंडनमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या नव्या पथकाचा सराव सुरू झाला. बंद हॉल, तीस-एक ढोल, दहा-बारा ताशे. पहिल्यांदाच ढोल कमरेला बांधणारी बारा-तेरा वर्षांची मुलं. मी वादकांसाठीचे इअरप्लग घेऊन गेले आणि वाटले. मोठी माणसं हसली. एका जुन्या ताशेवाल्यानं विचारलं, "अगं, हे घालून ताल कसा ऐकू येणार?" मी म्हटलं, "घालून बघा. सगळंच सारखं खाली येतं. ताल तसाच राहतो." त्यांनी घातले, एक आवर्तन वाजवलं, मान हलवली. काढून परत दिले नाहीत.